भाता मारा, मामा

भजन आटोपून मामा घरी आले, पेटी ओट्यावर ठेवली. मेडशीत दिवे गेलेले. गप्पा पियानोवर वळल्या.

मामा : काय वाजवून रायली सध्या?

भाची : नुसतं ऐकतेय. मार्क-आंद्रे हॅमेलिन, कॅनडात 1961 ला जन्मलेला.

मामा : म्हंजे जित्ता हाये? मले वाटलं, पियानोवाले सारे कधीचेच गेले.

भाची : शोपँ 1849 ला गेला, लिस्ट 1886 ला. ते आधी स्वतःच्या बोटांसाठी लिहायचे, हाही तसाच. याचे बारा एट्यूड आहेत. एट्यूड म्हणजे आपला पलटा, पण मैफलीत मिरवता येईल असा. पहिल्यात शोपँचे तीन एट्यूड एकाच वेळी वाजतात.

मामा : मंग तं कालवाच!

भाची : तिन्ही ए मायनरमधले, म्हणून जुळतात. एकच दाखवते. तुम्ही भाता मारा. शेवटच्या तीन बोटांनी काळी-पांढरी एकही पट्टी न सोडता पळायचं, आणि त्याच हाताच्या अंगठ्या-तर्जनीनं मधे मधे सूर दाबायचे.

(चौथ्या पट्टीवरच माझी करंगळी अडखळली.)

मामा : अभंगाले सिनेमाची चाल लावतो, तसंच का हे?

भाची : तुम्ही चाल उचलून शब्द बदलता. हा तिन्ही चाली शाबूत ठेवतो, म्हणून तर हाल. गोडोव्स्कीनं आधी शोपँच्या एट्यूडांवर 53 अभ्यास रचले, त्यातले 22 नुसत्या डाव्या हाताचे. असा तिहेरी एट्यूड त्यानंही लिहिला होता म्हणतात, पण तो हरवला. तोच हॅमेलिननं आपल्या परीनं नव्यानं मांडला.

मामा : एका हाताचं काय कौतुक? आम्ही जन्मभर तेच करतो, दुसरा भात्यावर.

भाची : तुमचा सूर दाबला की टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की सूर विझायलाच लागतो. मग पायानं पेडल दाबून तारा मोकळ्या ठेवायच्या, खालचा सूर घुमतोय तोवर हात वर पळवायचा. एका हाताचे दोन भासतात ते त्यामुळं.

मामा : आपल्याकडचं कोणी हाये का यात?

भाची : कैखुश्रू सोराबजी. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, याचा जन्म इंग्लंडातला, 1892 चा. लिस्टचे 'ट्रान्सेंडेंटल' एट्यूड बारा. यानं 1940 ते 44 मध्ये त्याच नावाचे शंभर लिहिले. 1930 ची एक रचना तर चार तासांची! वर परवानगीशिवाय कोणी वाजवायचं नाही, हा हट्ट जवळपास चाळीस वर्षं. मला अर्ध्या तासापुढं झेपत नाही.

मामा : चार तास तं आमचा जागरही चालते. पण चहा असते मधात.

दिवे आले. मामांनी पेटी जवळ ओढली, करंगळी दोनदा उघडमीट केली.

"भाता तू मार आता."