पान उघडतं, पण सापडत नाही

नवी वेबसाइट चालू झाली की मालक ती मोबाइलवर उघडतो, घरच्यांना दाखवतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकतो आणि कंपनीचं उरलेलं बिल चुकतं करतो. साइट दिसतेय ना, मग झालं! मी कुडाळात बसून जिल्ह्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळते. आंबा बागायतदार, होमस्टेवाले, मालवणी मसाला विकणारा बचत गट, एखादं वाचनालय अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या तक्रारी फिरून फिरून दोनच असतात. एक, पान उघडतं पण गुगलवर काही केल्या सापडत नाही. दुसरी, जे कुणाला दिसायला नको तेच नेमकं सापडतं. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा पानापानावरच्या सेटिंगमध्ये असतं, आणि ते सेटिंग पान नुसतं उघडून पाहणाऱ्याला दिसत नाही.

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी हंगामाच्या तोंडावर साइट नव्याने करून घेतली. काम शहरातल्या एका कंपनीचं. साइट देखणी झाली, फोटो झकास. पाडव्याच्या आसपास पेट्यांचं बुकिंग जोर धरतं, तेव्हा त्यांचा फोन आला, "ताई, गुगलार आमचो आंबो दिसणा नाय." जुनी गिऱ्हाइकं फोनवर ऑर्डर देत होती, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंकही उघडत होती. म्हणून इतके दिवस कुणाला संशय आला नव्हता. मुंबई-पुण्याकडून नवा माणूस मात्र येईनासा झाला होता.

मी गुगलच्या पट्टीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्यापुढे कोलन आणि जागा न सोडता त्यांच्या साइटचा पत्ता टाकला. मुख्यपान आलं, 'आमच्याविषयी' आलं. दरांचं पान आणि ऑर्डरचं पान नाही. या शोधात साइटची सगळी पानं येतीलच असं नसतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. पक्कं उत्तर गुगल सर्च कन्सोल देतं. तिथे वरच्या पट्टीत एकेका पानाचा पत्ता टाकून चौकशी करता येते. दरांच्या पानाबद्दल उत्तर आलं की नोइंडेक्स टॅगमुळे हे पान वगळलं आहे. पानाचा सोर्स उघडला, तर हेडच्या भागात मेटा रोबोट्स आणि त्यापुढे नोइंडेक्स, स्पष्ट लिहिलेलं.

झालं होतं असं. साइट तयार होत असताना ती गुगलपासून लपवून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. अर्धवट साइट कुणी पाहू नये. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जखाली रीडिंग नावाच्या पानावर तळाला त्यासाठी एक चौकोन असतो. त्यात टिक केली की सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये असा निरोप सगळ्या पानांवर जातो. कंपनीने काम संपल्यावर ती टिक आठवणीने काढली होती. पण मधल्या काळात कुणीतरी त्या दोन पानांवर खोटे दर भरून ठेवले होते, आणि ते बाहेर जाऊ नयेत म्हणून योस्ट प्लगिनच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात जाऊन ती पानं वेगळी लपवली होती. साइटभरची टिक काढली म्हणून पानावरची सूचना निघत नाही. ती त्याच पानात जाऊन काढावी लागते. हेच बागायतदाराला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला ते आपणहून कळायचं काही कारणही नव्हतं.

दुरुस्ती क्षणाची होती. सेटिंग बदललं, सेव्ह केलं, कॅशे रिकामी केली, सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती पाठवली. पण गुगल परत कधी येईल हे आपल्या हातात नसतं. कधी दोन-चार दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि विनंतीचं बटण दहा वेळा दाबल्याने लवकर होत नाही. हापूस तेवढा थांबत नाही. घरपोच द्यायच्या पेट्यांमधला बराच माल त्या वर्षी वाशी मार्केटला गेला.

म्हणून माझं सांगणं असं, की साइट हातात आली की ज्या पानांवर पोट अवलंबून आहे ती वेगळी काढा. दर, ऑर्डर, खोल्यांची माहिती, संपर्क. त्यांचा एकेक पत्ता सर्च कन्सोलमध्ये टाकून पाहा. मुख्यपान गुगलवर आलं म्हणजे सगळी साइट आली, हा समज मला सगळ्यात जास्त भेटतो.

वाचनालयाचं प्रकरण उलट होतं आणि जास्त नाजूक. सभासदांची यादी, मोबाइल नंबर आणि थकीत वर्गणीसकट, साइटच्या एका पानावर होती आणि तीच पीडीएफ म्हणूनही ठेवलेली होती. एका निवृत्त गुरुजींच्या नातवाने सहज आजोबांचं नाव गुगलवर टाकलं आणि थकबाकी वर आली. गुरुजी तडक वाचनालयात. तेव्हाच्या वेबसाइटवाल्याने रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये दोन ओळी वाढवून तो रस्ता बंद केला आणि काम झालं म्हणून सांगितलं. झालं नव्हतं. पानाचा पत्ता निकालात येतच राहिला, फक्त खाली माहिती उपलब्ध नाही अशी ओळ आली. क्लिक केलं की यादी जशीच्या तशी हजर. मग कुणाच्या तरी सल्ल्याने पानावर नोइंडेक्सही लावलं. तरी ढिम्म फरक नाही.

इथे नीट थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण जाणकार म्हणवणारेही इथे घसरतात. रोबोट्सची ही फाइल मार्टाइन कोस्टर यांच्या १९९४ च्या प्रस्तावातून आली, आणि २०२२ मध्ये तिला रीतसर मानकाचा दर्जा मिळाला. तिचं काम गुगलच्या यंत्राने कुठे फिरायचं आणि कुठे नाही एवढंच सांगण्याचं. पान गुगलच्या यादीत ठेवायचं की नाही, हे ती सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या साइटवर त्या पानाची लिंक असेल, तर आत न शिरताही गुगल त्याचा पत्ता दाखवू शकतं. नोइंडेक्स ही सूचना मात्र पानाच्या आत असते. खोलीला बाहेरून कुलूप घालायचं आणि 'कृपया आत येऊ नये' ही पाटी आतल्या भिंतीवर लावायची, असा तो प्रकार. यंत्र आत जाणार नाही, पाटी वाचणार नाही, आणि पत्ता यादीत तसाच राहील. म्हणून पान यादीतून काढायचं असेल तर आधी रोबोट्समधली बंदी उठवावी लागते. ऐकायला विचित्र वाटतं, पण क्रम हाच आहे. काही जुन्या लेखांत रोबोट्सच्या फाइलमध्येच नोइंडेक्स लिहा असा सल्ला सापडतो. गुगलने तो १ सप्टेंबर २०१९ पासून मानणं बंद केलं आहे.

आणखी एक गोष्ट. रोबोट्सची फाइल कुणालाही उघडून वाचता येते. तिच्यात गुप्त पानांची नावं लिहिणं म्हणजे चोराला तिजोरीची दिशा दाखवणं. पीडीएफला तर हेडचा भागच नसतो, तिच्यासाठी सूचना सर्व्हरकडून एक्स-रोबोट्स-टॅग या नावाने पाठवावी लागते. वाचनालयासाठी मी यातलं काहीच केलं नाही. यादीचं पान आणि पीडीएफ दोन्ही साइटवरून काढून टाकली, रोबोट्समधल्या त्या ओळी पुसल्या आणि सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून दोन्ही पत्ते तात्पुरते झाकले. हे झाकणं साधारण सहा महिने टिकतं, तोवर मूळ पान गेलेलं असलं पाहिजे. लोकांचे फोन नंबर नोइंडेक्सच्या भरवशावर ठेवू नयेत. एकतर पासवर्डमागे ठेवा, नाहीतर वेबवर चढवूच नका.

नोइंडेक्स कुठे लावावं, तर 'ऑर्डरबद्दल धन्यवाद' हे पान, खरेदीची टोपली, साइटच्या आतल्या शोधाचे निकाल, नुसते टॅग गोळा करून बनलेली पानं. बस.

कॅनॉनिकल नावाचं आणखी एक सेटिंग असतं. सारख्या मजकुराच्या पानांपैकी मुख्य कुठलं, हे सांगायला गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये ते एकत्र आणलं. गुगल त्याला हुकूम नव्हे, सूचना मानतं. तारकर्लीच्या एका होमस्टेची साइट मराठी आणि इंग्रजीत आहे. तिथे मराठी पानांचं कॅनॉनिकल इंग्रजी पानांकडे वळवलेलं मला आढळलं. म्हणजे मराठी पान ही नक्कल, खरं ते इंग्रजी, असं आपणच गुगलला सांगायचं! प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल त्याच पानाकडे ठेवावं आणि भाषांची जोडी एचरेफलँगने सांगावी.

आता शीर्षक आणि वर्णन. निम्म्या साइटवर शीर्षकाच्या जागी नुसतं 'होम' असतं. कोण शोधणार 'होम'? 'देवगड हापूस, घरपोच पेटी' असं लिहा, प्रत्येक पानाला वेगळं. वर्णनाने क्रमांक वर चढत नाही, पण निकालाखालचं ते वाचूनच माणूस क्लिक करतो. गुगल दोन्ही स्वतःच्या मनाने बदलू शकतं, हेही माहीत असू द्या. कीवर्ड मेटा टॅगचे मात्र कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, आणि आजही मला बिलांत तो दिसतो.

पानाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, ज्याला स्लग म्हणतात, तो देवनागरीत ठेवावा का? गुगलला चालतो. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा प्रत्येक अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात. 'आंबा' या शब्दात काना आणि अनुस्वारही वेगळे मोजले जात असल्याने टक्क्यांची आणि आकड्यांची छत्तीस चिन्हं उमटतात. अशी लिंक बघून लोकांना ती फसवणुकीची वाटते. मी रोमन स्लग ठेवते. पण ठरवायचं ते पान प्रसिद्ध करण्याआधी. नंतर बदललात, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट द्यायलाच हवं.

कंपनीशी व्यवहार करताना कामाच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या. प्रत्येक महत्त्वाच्या पानाचा सर्च कन्सोलमधला निकाल स्क्रीनशॉटसह मिळाला पाहिजे, आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या स्वतःच्या जीमेलवर असली पाहिजे, कंपनीच्या नव्हे. या दोन्ही हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.