अन्न आणि बी

अभ्यासपाठ
वाचन : उत्पत्ति ४७:१३-२६, नहेम्या ५:१-१३



योसेफाची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. कोठारे उघडली, लोक वाचले, भाऊ भेटले, आणि बहुधा तिथेच आपण थांबतो. या वेळी पुढे वाचा. दुष्काळात मिसरी लोकांचे आधी पैसे संपले, मग गुरेढोरे गेली. शेवटी जमीन आणि स्वतःलाही देऊ करून ते योसेफाकडे दोन गोष्टी मागतात : अन्न आणि बी. १९वे वचन मुद्दाम पाहा. पोटात आग पडलेली असतानाही शेतकरी बी मागायला विसरत नाही. नुसत्या अन्नावर पुढच्या वर्षी पुन्हा याच दारात उभे राहावे लागेल, हे त्याला ठाऊक असते.

बी मिळाले; पण जमीन फारोची झाली आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्साही त्याचा ठरला. योसेफाने जीव वाचवले हे खरेच. तरी त्या मदतीच्या शेवटी शेतकरी कूळ होऊन बसला, हेही शास्त्र लपवत नाही. (सुटली ती फक्त याजकांची जमीन. आम्हां सेवकांनी हे वचन दोनदा वाचावे.)

आता जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात या. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. १९७४ च्या कायद्यांनी तेवढे संरक्षण दिले. सातबारा शाबूत राहतो, गहाण पडते ते पीक आणि अंगमेहनत. बहुतेकांचे पावसावरचे एकच पीक : खाचरात भात, उतारावर नागली-वरई. अनेक घरांत ते उन्हाळ्यातच संपते. मृगाच्या तोंडावर कणगी झाडतात आणि बियाण्याचे गाठोडेही सोडून शिजवतात. मग बी उसने, तेही दिढीने : एक पायली घ्या, दीड पायली फेडा. फेडून हाती उरते थोडे, म्हणून दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घ्यायची आणि मुलांसकट घर बंद करून निघायचे. शाळेच्या पटावर नाव राहते, मूल भट्टीवर असते.

आपण मंडळ्या धान्याच्या पिशव्या वाटतो त्या नाताळात. तेव्हा डोंगरात नुकती कापणी झालेली असते. कणगीत भात असतो. नसतो तो जून-जुलैत. आपल्या अर्पणाचा महिना चर्चच्या दिनदर्शिकेवरून ठरतो, शेताच्या नव्हे, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे.

बी घरात राहिले तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. संकरित बियाण्याचे पीक राखून पुन्हा पेरले तर तसेच उतरत नाही, दर साली दुकान गाठावे लागते. गावठी भाताचे, नागलीचे बी मात्र राखता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेची पायरी न चढता, अशी गावरान वाणे जपली; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या एका पाड्यावर बचत गटाच्या बाया बीजकोठी चालवतात. उभ्या पिकातच चांगली रोपे हेरून त्यांच्या लोंब्या वेगळ्या कापायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायच्या. मे महिन्यात १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळतात. ८० किंवा अधिक उगवले तर ते बी वाटायचे. पेरणीआधी भाताचे बी मिठाच्या पाण्यात, १० लिटरला ३०० ग्रॅम. तरंगते ते पोचट, ते कोंबड्यांना. बुडालेले चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे.

परतफेड पायलीला एक शेर जास्त. भेटीला आलेल्या एका देणगीदार बंधूंनी विचारले, “हे व्याजच नाही का? लेवीय २५ काय सांगते?” प्रश्न रास्त होता. गटातली एक आजी म्हणाली, “दादा, तो शेर कोणाच्या घरी जात नाय. थोडा उंदराचा, थोडा नव्या सुनेच्या घराचा.” पाऊस दगा देतो त्या साली फेड पुढे जाते आणि वाढीव शेर माफ होतो. मला हा नियम लेवीयाच्या विरुद्ध वाटत नाही. वाढ सावकाराकडे जाते की कोठीत राहते, फरक तिथे आहे.

नहेम्याच्या काळीही लोकांनी धान्यासाठी शेते गहाण टाकली होती. ओरड करणाऱ्यांत बायकाही होत्या, हे पहिलेच वचन सांगते. नहेम्या संतापतो, पण आपण आणि आपले भाऊबंदही उसने देत आहोत हे सभेत बोलून दाखवतो. मग त्याच दिवशी शेते, द्राक्षमळे, घरे आणि घेतलेला शंभरावा भागही परत करायला लावतो. धान्य वाटून तो प्रश्न मिटवत नाही.

गटात बोलण्यासाठी :

योसेफाची आणि नहेम्याची मदत, दोन्ही संपल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय उरले?

आपल्या मंडळीत कोण कोणाला उसने देते, आणि फेड कशात घेते?

एक एकर भाताला साधारण १५ ते २० किलो बी लागते. आपली मंडळी किती एकरांचे बी कोठीत भरू शकेल, आणि ते मे महिन्याच्या आत पोचेल का?