बातमीची शहानिशा : श्रद्धावंताची जबाबदारी

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाह तआलाने श्रद्धावंतांना आज्ञा दिली आहे की, एखादा फासिक बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करावी. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहावर अन्याय होईल आणि नंतर पश्चात्ताप करावा लागेल. बहुतेक भाष्यकार येथे बनू मुस्तलिक कबिल्याचा प्रसंग सांगतात. जकात आणण्यास पाठविलेला माणूस वाटेतूनच परतला आणि कबिल्याने जकात नाकारल्याचे त्याने सांगितले. स्वारीची भाषा सुरू झाली. परंतु चौकशीअंती बातमी खोटी ठरली. म्हणजेच ही शिकवण ज्या बातमीच्या संदर्भात सांगितली जाते, तिच्यावर युद्ध आणि शांतता अवलंबून होती.

आता इराकचे उदाहरण पाहा. ८ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर वृत्त दिले की, इराक अणुबॉम्बसाठी उपयुक्त अशा ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे. आधार होता नाव न सांगितलेल्या सरकारी अधिकाऱ्यांचा. त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर याच वृत्तपत्राचा हवाला दिला. सरकारचेच म्हणणे वृत्तपत्रातून फिरून पुरावा बनून सरकारकडे परतले! त्या नळ्या साध्या रॉकेटांसाठी असाव्यात, हे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांचे मत मागे पडले. ‘नाइट रिडर’ या वृत्तपत्रसमूहाच्या वार्ताहरांनी शंका छापल्या, पण त्यांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले. २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने संहारक शस्त्रांचे साठे नव्हते असा अहवाल दिला. त्याच वर्षी २६ मे रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, हे मान्य केले. तोपर्यंत हजारो निरपराध इराकी प्राणांस मुकले होते. आयतीने ज्याची पूर्वसूचना दिली, तो पश्चात्ताप हाच.

वाचकहो, यावर कोणी विचारील की जबाबदार अधिकाऱ्यांना फासिक कसे म्हणावे? येथे हदीसशास्त्र मार्ग दाखविते. ज्याची ओळखच नाही अशा ‘मजहूल’ कथनकाराचे कथन मुहद्दिसीन प्रमाण मानीत नाहीत. मग निनावी अधिकारी प्रमाण कसा? तसेच एखादे कथन शंभर मुखांतून आले, पण सर्वांची सनद एकाच व्यक्तीपाशी जाऊन मिळाली, तर मुळाशी साक्ष एकाचीच उरते. तेव्हा त्या एकाची सचोटी तपासावी लागते.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे, आणि एकच संदेश दहा गटांतून येतो तेव्हा तो खराच वाटू लागतो. अशा वेळी मुलाबाळांसह चार प्रश्न विचारा : हे प्रथम कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले काय? यात त्याचा काही लाभ आहे काय? ज्यांच्यावर आरोप आहे, त्यांची बाजू ऐकली काय? उत्तरे मिळेपर्यंत संदेश पुढे पाठवू नका. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे माणसाला खोटे ठरविण्यास पुरेसे आहे, अशी प्रेषित (सल्ल.) यांची शिकवण आहे. कान, डोळे आणि हृदय यांच्याविषयी अल्लाहपुढे जाब द्यावयाचा आहे, हे सूरह बनी इस्राईल आपणास बजावते.