ग्रंथालयाच्या नोंदीत वेबदुवा कसा लिहावा?



आठवीतल्या एका मुलीने प्रकल्पात लिहिलं होतं, 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशात दिल्याप्रमाणे डॉ. श्री. व्यं. केतकर यांचे निधन १९३७ साली झाले.' साल बरोबर, पण मी थबकले. केतकर स्वतःच ज्ञानकोशाचे संपादक आणि तो छापला गेला १९२० च्या दशकात. मग त्यांच्या निधनाची नोंद त्यात येईलच कशी?

पोरीची चूक नव्हती. ग्रंथालयाच्या संगणकावर ज्ञानकोशाच्या नोंदीखाली एक दुवा होता आणि त्यावर फक्त 'येथे क्लिक करा' एवढंच. तो उघडायचा मराठी विश्वकोशातल्या केतकरांवरच्या लेखात. तिला वाटलं, हाच ज्ञानकोश.

हा २३ खंडांचा ग्रंथ काढणारं ज्ञानकोश मंडळ आपल्या नागपूरचं, म्हणून मी तो प्रकल्पासाठी आवर्जून देते. त्याचंच उदाहरण घेऊ.

ग्रंथालयाची संगणकीय नोंद बहुधा 'मार्क' नावाच्या पद्धतीने भरतात. त्यात वेबदुव्यासाठी ८५६ क्रमांकाचं क्षेत्र असतं. क्रमांकानंतर दोन खुणेचे अंक येतात. पहिला ४ असला की दुवा वेबवरचा. खरी गंमत दुसऱ्या अंकात आहे. ० म्हणजे नोंदीतली वस्तूच त्या दुव्यावर आहे, जसं ई-पुस्तक. १ म्हणजे त्याच ग्रंथाचं दुसरं रूप. २ म्हणजे ग्रंथ वेगळा, फक्त संबंध आहे.

आता बघा. छापील ज्ञानकोशाच्या नोंदीला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने वेबवर आणलेल्या ज्ञानकोशाचा दुवा जोडला, तर अंक १. विश्वकोशातल्या केतकरांवरच्या लेखाचा जोडला, तर अंक २. आमच्या नोंदीत नेमकं हेच गडबडलं होतं.

पण अंक बरोबर भरला म्हणजे काम झालं असं नाही. वाचकाला अंक दिसत नाही, त्याला शब्द दिसतात. म्हणून त्याच क्षेत्रात 'यू' या उपक्षेत्रात पत्ता, 'वाय'मध्ये पडद्यावर दिसणारे शब्द आणि 'झेड'मध्ये वाचकासाठी टीप लिहायची. दुवा एखाद्याच खंडाचा असेल तर ते '३' मध्ये सांगायचं. 'कोहा'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे रकाने रिकामे ठेवले, की मोघम वाक्य आपोआप येतं. मला वाटतं, निम्मे घोटाळे तिथेच होतात. (डब्लिन कोअर पद्धतीत १५ घटक आहेत, त्यातला 'रिलेशन' हा घटक संबंध सांगण्यासाठीच आहे.)

आमच्या दुव्यावर आता लिहिलंय: 'संपादक केतकर यांच्याविषयी लेख, मराठी विश्वकोश. ज्ञानकोशातील मजकूर नव्हे.' थोडं लांबलं, चालतं.

आणखी एक. पत्ते बदलतात. विश्वकोशाचं संकेतस्थळ पूर्वी वेगळ्या पत्त्यावर होतं, आता शासनाच्या पत्त्यावर आहे. वर्णनात लेखाचं आणि ग्रंथाचं नाव असेल तर पत्ता मेला तरी लेख शोधता येतो. नुसतं 'येथे क्लिक करा' असेल तर काय शोधणार? म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला दोन मुलं बसवून सगळे दुवे उघडून बघतो. पोट्टे हे काम आवडीने करतात.

त्या मुलीने प्रकल्पातलं वाक्य स्वतःच दुरुस्त केलं. संदर्भात ज्ञानकोश वेगळा आणि विश्वकोश वेगळा लिहिला, आणि दुसऱ्यापुढे कंसात 'वेबवर वाचले' अशी तारीख घातली.