सायकलस्वाराला मोटारीची ठोकर बसली तर : कायद्याने मिळणारी भरपाई आणि ती मिळवण्याची रीत



या पानावर आम्ही बहुधा बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे, पण शेतकऱ्याच्या संसाराशी तो तितकाच जोडलेला आहे. घरचा कर्ता माणूस पाय मोडून सहा महिने खाटेवर पडला, की उसाला खत कोण घालणार आणि पाणी कोण लावणार, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो.

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता, आता ४८ आहे. चारोटी नाक्यापासून दापचरीवरून अच्छाडच्या हद्दीपर्यंत रात्रंदिवस ट्रक आणि कंटेनर धावतात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने पाड्यापाड्यांतली माणसे सायकली हाणीत कामाला, बाजाराला, शाळेला जातात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला, त्याची बातमी देशभर झाली. सायकलवाल्याला ट्रकने उडवले तर शेजारच्या गावालाही कळत नाही. बहुतेक वेळा नाक्यावरच चार माणसे जमतात, चालकाकडून दोन-पाच हजार घेतले जातात आणि प्रकरण ‘मिटले’ असे ठरते. आमचे सांगणे एवढेच आहे, की असे मिटवू नये. कायद्याने मिळणारी रक्कम याहून कितीतरी मोठी असते. मात्र ती वेळेत केलेल्या कागदांवर अवलंबून असते.

१. सायकलस्वाराचा हक्क कोणता?

सायकलला परवाना लागत नाही, विमा लागत नाही. म्हणून ‘माझ्याकडे कागदच नाहीत, मी काय मागणार?’ असे पुष्कळांना वाटते. हा गैरसमज आहे. कागद मोटारवाल्याकडे असावे लागतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा ‘तिऱ्हाईत’ व्यक्तीच्या नुकसानीसाठी विमा असलाच पाहिजे. हा तिऱ्हाईत म्हणजेच रस्त्यावरचा सायकलस्वार किंवा पायी चालणारा. भरपाई बहुतेक वेळा चालकाच्या खिशातून नव्हे, तर विमा कंपनीकडून येते.

चालकावरचा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी खटल्यात चालक सुटला, तरी तेवढ्याने भरपाईचा दावा बुडत नाही.

२. पहिले दोन दिवस

प्रथम जीव, मग कागद. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हे क्रमांक आहेत. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. ‘आपण उगाच साक्षीत अडकू’ या भीतीने कोणी मागे राहू नये.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडविरहित उपचार योजना लागू झाली आहे. मोटार अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. दाखल करताना या योजनेची चौकशी आवर्जून करावी.

दवाखान्यात एक गोष्ट नीट सांगावी. पुष्कळ जण भीतीने किंवा संकोचाने ‘सायकलवरून पडलो’ असे सांगतात. डॉक्टर तेच लिहून घेतात, आणि पुढे विमा कंपनी तोच कागद दाखवून म्हणते की आमच्या गाडीचा संबंधच नाही. म्हणून ‘अमुक गाडीची ठोकर बसली’ असे पहिल्याच नोंदीत आले पाहिजे. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय असो, कासा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय असो, की हद्दीपलीकडे वापी-वलसाडचा दवाखाना असो, नियम एकच.

त्यानंतर पोलिसांत फिर्याद नोंदवावी आणि तिची नक्कल घ्यावी. ती फुकट मिळते. जखमीला गुजरातमध्ये हलवले असेल तर तिथल्या ठाण्यातही फिर्याद देता येते. हद्दीच्या कारणाने ती नाकारता येत नाही. ते ठाणे ती आपल्याकडच्या ठाण्याला पाठवते. गाडीचा क्रमांक, जागेचे फोटो, पाहणाऱ्यांची नावे जपावीत. मोडकी सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला टाकू नये. औषधांच्या, गाडीभाड्याच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना क्र. २ दहा दिवसांत द्यायचा असतो. तो मिळाला नाही तर ठाण्यात जाऊन मागावा. मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

३. भरपाईचे तीन मार्ग

(अ) गाडी सापडलीच नाही. महामार्गावर रात्री असे फार घडते. कलम १६१ खाली अशा प्रसंगी मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडले तर ती कायद्याने गंभीर दुखापतच होय. अर्ज ज्या भागात अपघात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे महसूल खात्याच्या प्रांत किंवा तहसील कचेरीत करावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला आहे, की एक महिन्यात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनीच जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. पुढे गाडी सापडून तिच्याकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम तीतून वळती होते.

(आ) गाडी माहीत आहे, पण चूक कोणाची हा वाद नको. कलम १६४ खाली मृत्यूस ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळतात. यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हा हक्क सहजी आलेला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही असे म्हटले होते. त्यानंतर १९८२ मध्ये संसदेने कायदा बदलून ‘चूक न पाहता’ भरपाईची सोय केली. तेव्हा मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये होते. २०१९ च्या दुरुस्तीने ही रक्कम आजच्या आकड्यावर आली.

(इ) गाडी माहीत आहे आणि चालकाची चूक दाखवता येते. अशा वेळी कलम १६६ खाली न्यायाधिकरणाकडे पूर्ण भरपाईचा दावा करता येतो. याला रकमेची ठराविक मर्यादा नाही. गाडी गुजरातची, मालक सुरतचा, विमा कंपनीची कचेरी अहमदाबादला असली, तरी जखमी जिथे राहतो किंवा जिथे अपघात झाला तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. हद्दीपलीकडे हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. १९९४ पासून २०२२ पर्यंत या दाव्याला मुदतच नव्हती. त्यामुळे ‘केव्हाही करता येतो’ असे जुनी माणसे सांगतात. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात पुन्हा आली आहे. तिला आव्हान देणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आहेत, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

४. सही करण्यापूर्वी हिशेब पाहावा

विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा देकार घेऊन येतो. देकार वाईटच असतो असे नाही. पण कलम १६४ ची ठराविक रक्कम तडजोडीने स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपतो. म्हणून आधी हिशेब करावा.

उदाहरणादाखल धरू, की ३८ वर्षांचा शेतकरी आहे. शेतीची मेहनत आणि मजुरी मिळून त्याची महिन्याची कमाई १२,००० रुपये आहे. अपघातात पाय कायमचा अधू झाला आणि त्याची कमावण्याची शक्ती ४० टक्क्यांनी घटली.

वर्षाची कमाई : १,४४,००० रु.
पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवून (स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत) : २,०१,६०० रु.
त्याच्या ४० टक्के, म्हणजे दर वर्षाचे नुकसान : ८०,६४० रु.
वय ३६ ते ४० साठी गुणक १५ : १२,०९,६०० रु.

हे झाले फक्त कमाईचे नुकसान. दवाखान्याचा खर्च, सोबतीला राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया ही कलमे वेगळी. आता कुठे अडीच लाख आणि कुठे बारा लाख! गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात घालून दिला आणि भविष्यातील वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरले.

अपंगत्वाचा दाखला आणि कमाईचे नुकसान यांतही फरक आहे. दाखल्यावर पायाचे अपंगत्व ३० टक्के असेल, पण बांधावर चालणे, ओझे उचलणे हाच ज्याचा धंदा, त्याचे नुकसान त्याहून जास्त असू शकते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालापासून न्यायालये हेच पाहतात, की या इजेने या माणसाच्या या कामावर काय परिणाम झाला. २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात एका भाजीविक्रेत्याचा पाय गेला होता. त्याच्याकडे कमाईचा कागद नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने महिना ६,५०० रुपये कमाई धरली आणि कमावण्याच्या शक्तीची हानी ८५ टक्के मानली. आपल्या सभासदांकडे तर ऊसबिलाच्या पावत्या, सातबारा आणि बँकेचे पासबुक असते. ते जपून ठेवावे.

५. ‘चूक सायकलवाल्याचीच’

कंपनीचा वकील हे म्हणणारच. दिवा नव्हता, उलट्या बाजूने आला, एकदम वळला. सायकलस्वाराची काही चूक निघाली तर पूर्ण दावा जात नाही. चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. तरी शहाणपण यातच, की मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावावा, महामार्गावर उलट्या बाजूने जाऊ नये. याने दावा बळकट होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीव वाचतो.

६. वकील कोठून आणावा?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमाती व जातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे, म्हणजे बहुतेक घरांना हा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. दवाखान्याच्या दारात फिरणाऱ्या आणि ‘निम्मे तुमचे, निम्मे आमचे’ म्हणणाऱ्या दलालांना दूर ठेवावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. लोकअदालतीत दावा मिटवता येतो, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. रक्कम पटली तरच हो म्हणावे.

७. गाडी आपल्याच माणसाची असेल तर

हा अवघड प्रसंग. ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर गावातल्याचा, जखमी झालेलाही गावातलाच. ‘भाऊबंदावर केस कशी करायची?’ असे म्हणून फिर्याद टळते आणि जखमीचे घर कर्जात जाते. येथे समजून घ्यावे, की विमा चालू असेल तर पैसे कंपनी भरते. फिर्याद म्हणजे वैर नव्हे. दोघांनी मिळून कागद पुरे केले तर दोन्ही घरे वाचतात.

पण विमा नसेल तर? मग निवाड्याची रक्कम मालकावर बसते, आणि कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दोन-चार हजारांचा हप्ता चुकवून जमिनीवर जप्ती ओढवून घेण्यासारखे हे आहे. चालकाकडे परवाना नसेल तर कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश झाले आहेत. म्हणून गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी वाहतूकदार सभासदांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींची नोंदणी व विमा तपासावा. विमा केवळ शेतीकामाचा आहे की भाड्याच्या वाहतुकीचाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या लावाव्यात, परवाना नसलेल्या पोराच्या हाती चाक देऊ नये आणि बंद पडलेली ट्रॉली रात्री दिव्याशिवाय रस्त्यात सोडू नये. सायकलवाला बहुधा अशाच ट्रॉलीवर आदळतो.

लक्षात ठेवण्यासाठी :

१) दवाखान्यात गाडीची ठोकर बसली असे स्पष्ट सांगा.
२) फिर्यादीची नक्कल घ्या, पावत्या जपा.
३) गाडी पळाली तरी अर्ज करा.
४) सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा.
५) हिशेब केल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका.
६) ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका.

ज्या सभासदांच्या घरी असा प्रसंग झाला असेल आणि सहा महिने उलटले नसतील, त्यांनी हा अंक हातात पडताच कागद घेऊन विधी सेवा समितीकडे जावे. ऊसबिलाच्या जुन्या नोंदींचे उतारे कमाईच्या पुराव्यासाठी हवे असल्यास शेतकी खात्याकडे अर्ज करावा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते