करवतीचे वय किती?

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठावरील शिरोळ तालुक्यात एके काळी बैलगाडी, नांगर, घराचे वासे, दारे-खिडक्या हे सारे गावच्या सुताराच्या हातून होई. त्या सुतारांची हत्यारे आजही कित्येक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या साली या भागात महापूर आले. पुराच्या पाण्याने गंजलेले लोखंड बहुधा भंगारात जाते आणि त्याबरोबर एखादी शंभर वर्षांची करवतही जाऊ शकते. ती शंभर वर्षांची आहे की तीस, हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी मौल्यवान उपकरणे लागत नाहीत. निर्मात्याच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत आणि थोडा तर्क चालवता आला पाहिजे.

खुणा कोठे असतात?

कारखान्यात तयार झालेल्या करवतीवर खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे पात्यावर पोलादी छापाने ठोकलेला ठसा. दुसरी, आम्लाने पात्यावर कोरलेले नाव किंवा चित्र. तिसरी, लाकडी मुठीत बसवलेला पितळी बिल्ला.

गावच्या लोहाराने घडवलेल्या देशी करवतीवर सहसा अशी खूण नसते. तिचे दाते मात्र पाहण्यासारखे असतात. आपल्याकडील पारंपरिक करवत ओढताना कापते, म्हणून दात्यांची टोके मुठीकडे वळलेली असतात. ओढताना पात्यावर ताण येतो, त्यामुळे पाते पातळ असले तरी वाकत नाही. विलायती करवत पुढे ढकलताना कापते. तेव्हा पाते दाबले जाते, म्हणून ते जाड व रुंद ठेवावे लागते. दात्यांवरून करवतीची घडण कळते, वय कळत नाही. वयासाठी खुणांकडेच वळावे लागते.

खूण म्हणजे मर्यादा

प्रयोगशाळेत आपण लांबी मोजतो तेव्हा ‘१२.३ आणि १२.४ सेंटिमीटरच्या दरम्यान’ असे म्हणतो. वयाचेही तसेच आहे. एक खूण एक साल सांगत नाही. ती ‘या सालानंतर’ किंवा ‘या सालापूर्वी’ अशी मर्यादा सांगते. काही उदाहरणे पाहू.

फिलाडेल्फिया येथे हेन्री डिस्टन यांनी १८४० साली करवतींचा कारखाना काढला. १८६५ साली मुलगा भागीदार झाल्यावर बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन’ असे नाव आले. पुढे आणखी मुले आली आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत ‘सन’चे ‘सन्स’ झाले. म्हणजे एका अक्षरावरून पाच-सात वर्षांचा काळ निश्चित होतो!

‘पश्चिम जर्मनी’ असे लिहिलेले हत्यार १९४९ पूर्वीचे असू शकत नाही, कारण त्यापूर्वी त्या नावाचे राष्ट्रच नव्हते. आपल्या देशात सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. करवतीवर किंवा तिच्या वेष्टनावर पिनकोडसह पत्ता असेल, तर ती त्यानंतरची. आयएसआयची खूण १९५२ च्या कायद्यानंतरची.

आता थोडा विचार करा. या मर्यादा पक्क्या का आहेत? १९४० साली कोणालाही पश्चिम जर्मनीचे किंवा पिनकोडचे भविष्य माहीत नव्हते, म्हणून. परंतु प्रत्येक खूण अशी पक्की नसते. परदेशी मालावर फसवी नावे घालण्यास आळा बसावा म्हणून ब्रिटनने १८८७ साली आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ साली कायदा केला. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असलेली करवत बहुधा १८९० नंतरची मानतात. पण सक्तीपूर्वी कोणी आपखुशीने देशाचे नाव घातले असेल, तर त्याला कोण अडवणार? म्हणून ही मर्यादा ‘संभाव्य’ समजावी.

वरची मर्यादा तर नेहमीच सैल असते. ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव १९९५ साली ‘मुंबई’ झाले, पण जुने छाप झिजेपर्यंत वापरले जातात. समजा, एका करवतीवर ‘बॉम्बे’ आणि पिनकोड दोन्ही आहेत. तर ती १९७२ नंतरची हे निश्चित, आणि १९९५ च्या आसपासची किंवा त्यापूर्वीची हे संभाव्य. खुणा अनेक असतील तर निर्णायक ठरते ती सर्वांत उशिराची खूण, सर्वांत जुनी नव्हे.

तीन फसव्या खुणा

शेफिल्डची ‘स्पिअर अँड जॅक्सन’ ही पेढी आपली सुरुवात १७६० पासून मोजते. हत्यारावर १७६० दिसले म्हणून ते त्या वर्षीचे ठरत नाही. ते पेढीच्या स्थापनेचे वर्ष आहे.

‘वॉरंटेड सुपीरियर’ असे लिहिलेला बिल्ला अनेक कारखाने वापरीत. त्यावरून निर्माता ठरत नाही.

‘कास्ट स्टील’ म्हणजे बिडाचे ओतकाम नव्हे. बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या सुमारास शेफिल्डजवळ मुशीत वितळवून पोलाद करण्याची रीत बसवली, त्या पोलादाचे हे नाव. (मुशीतील पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून होत असे.) विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्या आल्या आणि हा शब्द मागे पडत गेला.

शिवाय मूठ बदललेली असू शकते. मोडकी मूठ टाकून सुतार बाभळीची किंवा शिसवीची नवी बसवतो आणि जुना बिल्ला तिच्यात घालतो. म्हणून पाते व मूठ यांचा विचार वेगवेगळा करावा.

पुसट खूण कशी वाचावी?

येथे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. खोली अंधारी करून विजेरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. ठशाची खोली ०.१ मिलिमीटर आहे असे समजा. प्रकाश ४५ अंशांनी आला तर कडेची सावली ०.१ मिलिमीटरच पडेल. तोच प्रकाश ५ अंशांनी आला तर सावली सुमारे १.१ मिलिमीटर, म्हणजे अकरापट लांब! (खोली भागिले कोनाची स्पर्शज्या, हे सूत्र वापरून पडताळा पाहा.) अक्षराची सारी खाच सावलीने भरते आणि अक्षर उठून दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गंज काढण्यासाठी लोक पॉलिशपेपर घेऊन पाते चकचकीत करतात. ठोकलेल्या ठशाखाली पोलादाचे स्फटिक दाबले जाऊन विकृत झालेले असतात. त्यामुळे ठसा वरून घासला गेला तरी विशिष्ट आम्लद्रावणाने तो पुन्हा दिसू शकतो. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळा खोडलेले क्रमांक याच तत्त्वाने वाचतात. आम्लाने कोरलेल्या खुणेत मात्र धातू फक्त विरघळलेला असतो, खाली काहीही दाबलेले नसते. तो पातळ थर घासला गेला की खूण कायमची गेली. पाच मिनिटांच्या घासण्यात शंभर वर्षांचा पुरावा नष्ट होतो. म्हणून आधी वाचा, छायाचित्र घ्या, आणि मगच रॉकेल लावलेल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. आम्लाचे प्रयोग घरी करू नका.

करून पाहा

१. एका नाण्यावर विजेरीचा प्रकाश ६०, ३० आणि ५ अंशांनी टाका. अक्षरे केव्हा अधिक स्पष्ट दिसतात?

२. शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, दात्यांवर जाड कापड गुंडाळून, गावातील एखादी जुनी करवत तपासा. खुणेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा आणि ठसा उतरवून घ्या.

३. एका करवतीच्या पात्यावर ‘डिस्टन अँड सन्स’ आणि मुठीतील बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन’ असे आहे. याची किमान दोन कारणे सुचवा.

४. प्रत्येक खुणेपुढे ‘निश्चित’ किंवा ‘संभाव्य’ असे लिहून करवतीचा काळ ठरवा. शक्य असल्यास ती कोणी वापरली हेही घरच्यांना विचारून टिपून ठेवा. कारखान्याचे नाव पात्यावर असते, ती चालवणाऱ्या सुताराचे नाव मात्र तुम्हीच लिहून ठेवले तर राहील.