मुखदुर्गंधी आणि सफीतील शेजाऱ्याचा हक्क

जमाअतच्या नमाजमध्ये माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहतो. शेजाऱ्याचा श्वास आपल्यापर्यंत पोहोचतो आणि आपला त्याच्यापर्यंत. एखाद्याच्या तोंडाला दर्प येत असेल तर शेजाऱ्याचे लक्ष किरअतवरून उडते. ज्याच्या तोंडाला तो येतो त्याला मात्र बहुधा पत्ताच नसतो, कारण नाक स्वतःच्या श्वासाला सरावलेले असते.

ही बाब प्रेषित मुहम्मद (स.) यांनी क्षुल्लक मानली नाही. कच्चा लसूण किंवा कांदा खाल्लेल्याने आमच्या मस्जिदीपासून दूर राहावे, असे त्यांनी फर्मावले आणि ज्या गोष्टीचा माणसांना त्रास होतो तिचा फरिश्त्यांनाही होतो, असे त्याचे कारण सांगितले. आदरणीय उमर (रजि.) यांनी जुम्याच्या खुतब्यात स्मरण करून दिले, की अशा वासाच्या माणसाला मस्जिदीतून बकीकडे पाठविले जात असे, खायचेच असेल तर शिजवून त्याचा वास मारावा. येथे लसूण हराम ठरलेला नाही. आदरणीय अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा प्रेषितांनी (स.) हराम नसल्याचे सांगून आपल्याला त्याचा वास आवडत नाही, एवढेच म्हटले. म्हणजे मुद्दा पदार्थाचा नव्हे, इतरांना होणाऱ्या त्रासाचा आहे. मग विडी, गुटखा आणि मिश्री यांचे काय? त्यांचा दर्प लसणाहून उग्र आणि शिवाय ते शरीराची हानी करणारे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी मस्जिदीच्या दारात पुडी थुंकून सफीत येणारे बांधव दिसतातच. केवळ चूळ भरल्याने हा वास जात नाही.

लसणाचा वास दात घासूनही का टिकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यातील एक गंधकयुक्त घटक पचनानंतर रक्तात मिसळतो आणि फुफ्फुसांवाटे श्वासात उतरतो. तोंड स्वच्छ असले तरी श्वासाला वास येतो. तो काही तासांनी आपोआप ओसरतो. म्हणून नमाजपूर्वी कच्चा लसूण वा कांदा टाळणे हाच उपाय. रमजानमध्ये इफ्तारच्या ताटात कच्चा कांदा घेऊन लगेच मगरिबच्या सफीत उभे राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

परंतु नेहमीच्या दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा पोटात नसते, तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावर साचलेला थर, दातांच्या फटींत अडकलेले अन्नकण, किडलेली दाढ, सुजून रक्त येणाऱ्या हिरड्या, नीट न धुतलेली कवळी, या ठिकाणी हवेविना वाढणारे जंतू प्रथिने कुजवतात व गंधकाचे वायू सोडतात. लाळ हे सारे धुऊन काढते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी तोंडाला वास येतो. प्रेषित (स.) रात्री नमाजसाठी उठत तेव्हा मिस्वाकने तोंड स्वच्छ करीत, या सुन्नतचे मोल येथे उमगते. आदरणीय अबू मूसा (रजि.) यांनी त्यांना मिस्वाक जिभेवर फिरवताना पाहिले, ते इतके आत नेत की उबळ येत असल्यासारखा आवाज येई. आपल्यापैकी कितीजण रोज जीभ घासतात? दात चकचकीत आणि जीभ पांढरी, अशी अवस्था घरोघरी आढळते.

मिस्वाक पीलूच्या मुळीची वा फांदीची असते. ती न मिळाल्यास कडुनिंबाची वा बाभळीची काडी चालते. टोक चावून मऊ करावे, कुंचला झिजला की कापून टाकावा. टूथब्रश वापरणाऱ्यानेही रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे सोडू नये. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतल्याने ते हलतात, हा समज निराधार आहे. साचलेले कीटण हिरड्या सोडवते, तेच काढायचे असते.

रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहपाशी कस्तुरीहून सुगंधी असतो, या हदीसचा आधार घेऊन काहीजण सहरीनंतर दातही घासत नाहीत. तो गौरव उपवासाचा आहे, दातांत अडकलेल्या अन्नाचा नव्हे. हनफी मतानुसार रोजात मिस्वाक दिवसभर करता येते. कोकणातील शाफई बांधवांच्या प्रचलित मतानुसार दुपार कलल्यानंतर ती मकरूह आहे. सहरीनंतर तोंड स्वच्छ करण्यास मात्र दोन्हींत हरकत नाही.

आता सर्वांत अवघड भाग: सांगायचे कोणी? आदरणीय आयेशा (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) घरात येताच प्रथम मिस्वाक करीत. घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, हे यातून दिसते. पती-पत्नी वर्षानुवर्षे संकोचाने गप्प राहतात आणि मनात दुरावा वाढतो. चारचौघांत नाक मुरडणे हा अपमान आहे. एकांतात, प्रेमाने सांगणे हे उपकार. आणि नियमित स्वच्छता ठेवूनही वास जात नसेल तर त्या व्यक्तीला अस्वच्छ म्हणू नये. सायनस, टॉन्सिलमधील खडे, लाळ कमी करणारी औषधे, मूत्रपिंड वा यकृताचे विकार ही कारणे असू शकतात. मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, सोबत उलट्या वा धाप असेल, तर त्याला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.